एकादशीची सुई

॥ श्री ॥
कारधा, जि. भंडारा
दि. २८ नोव्हेंबर २०२४

ती. रुखमिणीबाई हिस,
धाकट्या इश्वरचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही याचे मला आजवर वाईट वाटायचे. आज पहिल्यांदा बरे वाटते आहे. जे सांगायचे आहे ते अंगणात उभे राहून मोठ्याने सांगण्यासारखे नाही.

इकडे धान कापून, चुरून, मळणी झाली. गाय व्याली, कालवड झाली. हे सगळे चांगले. वाईट आहे ती निर्मलाची साखर.

तुला माहीतच आहे, दीड वर्षापासून ती इन्सुलिनवर आहे. पेनासारखे यंत्र असते, त्याच्या टोकाला बारीक सुई लावायची आणि पोटाला टोचायचे. तिला सुईची भीती, म्हणून सकाळ-संध्याकाळ मीच टोचतो. ती तोंड भिंतीकडे करते आणि पदर दातात धरते. पहिल्या दिवशी भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरने बेंबीच्या डावीकडे चार बोटे मोजली, बॉलपेनने छोटा निळा गोल काढला आणि सांगितले की इथे टोचायचे. तो गोल मी आजपर्यंत पुसू दिलेला नाही. आंघोळीने फिका झाला की पुन्हा काढतो.

सुई मी एकादशीला बदलतो. महिन्यातून दोनदा. तो दिवस माझ्या हातून कधी चुकत नाही, म्हणून तोच ठरवला. मधल्या दिवसांत सुई पेनालाच असते, तिला स्पिरिटने पुसतो. पेन देव्हाऱ्याखाली पितळी डबीत ठेवतो. जुनी सुई कोणाच्या पायात जाऊ नये म्हणून एकादशीच्या सकाळी पुलावर जातो, ती वैनगंगेत सोडतो आणि हात जोडतो. इतक्या मनापासून मी माझी पूजासुद्धा करत नसेन.

तरी साखर वाढते. चौदा युनिटवरून सुरुवात केली, आता अठ्ठावीस झाले. एका सकाळी एकशेचाळीस, दुसऱ्या सकाळी तीनशे दहा. जेवण तेच, काम तेच, औषध तेच. डोळ्यांत रक्त उतरण्याची सुरुवात आहे, असे डॉक्टर म्हणाले. साखर अशीच राहिली तर नजर जाईल. मग त्यांनी विचारले की ही गोड खाते का. ती नाही म्हणाली. मी डॉक्टरांसमोर तिच्याकडे पाहिले. ते पाहणे तिला कळले.

पण बाई, तिच्या पदराला गुळाचा वास येतो. दोनदा आला. तिच्या उशीपाशी मुंग्या दिसल्या. मी काय समजू? औषध खोटे की माणूस खोटे, की माझ्या सेवेत काही उणे राहिले? विचार करून करून मी तिथल्या तिथेच फिरतो. काय करू ते कळव. खुशबूला मात्र यातले काही सांगू नकोस. तुझी मुलगी असली तरी ती नर्स आहे, आणि निर्मला चोरून खाते हे माझ्या भाचीला कळलेले मला आवडणार नाही.

माझ्यावरची माया आहे तेवढी असू दे. वाढली तर नको म्हणणार नाही.

तुझा,
इश्वर

•

साकोली
दि. ५ डिसेंबर २०२४

चि. इश्वर यास,
रुखमिणीबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

गुळाचं म्हणशील तर तूच सांग, लहानपणी कोठीतला गूळ कोण खात होता? अन् विचारलं का म्हणे मांजरीनं खाल्ला. मांजर गूळ खात नाही हे मायले समजत नव्हतं का? तुले लाज वाटू नये म्हणून माय मांजरीले शिव्या देत होती. तेव्हा चोर कसा राहते हे तुले कोणी शिकवायची गरज नाही.

पण तुझ्यावानी मलेही वाटते की जीभ मोठी वाईट चीज आहे. माझ्या सासूले साखरेची बिमारी होती. ते तांदळाच्या टोपलीत पेढे लपवून ठेवे. देवाची शपथ खाय अन् पेढाही खाय. निर्मला तशी नाही, हे मी मानते. तरी डोळ्याचा मामला आहे. भांडू नको. बाबाचा तो बिजाई, पेरायचं बी ठेवायचा कडीचा लोखंडी डबा आहे ना, त्यात गूळ-साखर घाल, कुलूप लाव अन् किल्ली आपल्या कमरेच्या करगोट्याले बांध. पंधरा दिवसात समजून जाईल.

खुशबूले काही सांगत नाही. ते महिन्यातून एक डाव नागपूरवरून येते अन् माझ्याच डब्यात तोंड घालून तेल किती खाते ते पाहते. पोरगा वीरेंद्र मजेत आहे, धान विकायच्या लाइनीत उभा राहून राहून काळा पडला.

बहिणीले विसरू नको, अन् निर्मलाले माझा राग सांगू नको, माया सांग.

तुझी,
बाई

•

कारधा
दि. १२ डिसेंबर २०२४

ती. सौ. बाईंस,
निर्मलाचा सा. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही. आज लिहून राहिली. तुमच्या भावाले हे माहीत नाही.

तुमचं पत्र मी वाचलं. त्याइनं ते देव्हाऱ्यात पोथीखाली ठेवलं होतं. तिथं रोज दिवा मीच लावते, मग नजरेत येणारच होतं. डब्याले कुलूप लागलं तेव्हा मले वाटलं की हे त्याइच्या डोक्यातून निघालं. मग समजलं की ते साकोलीवरून आलं. बाई, तुम्ही मले तुमच्या सासूच्या रांगेत बसवलं.

गाय व्याली हे तुमच्या भावानं तुमाले लिहिलं का? लिहिलं असन. मग व्यालेल्या गाईले गूळ-ओवा कोण चारते, हे काहून नाही लिहिलं? नऊ दिवस मीच चारला. पदरात बांधून गोठ्यात नेत होती. तोच पदर घेऊन रात्री झोपली तर मुंग्या येणार नाही तर काय. त्याइनं एक डाव विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. विचारलं नाही. वास घेतला.

अन् आज सकाळी बायजाबाईसमोर मले किल्ली मागावी लागली. शेजारीण आहे ते, ताक न्याले आली होती. तिच्या चहात घालाले साखर पाहिजे होती. तुमच्या भावानं विचारलं, काहून पाहिजे. बायजाबाई म्हणे, राहू द्या, मी बिनासाखरेचाच पिते. बिचारीनं तो कडू चहा हसत हसत पिला. मले धरणी जागा देत नव्हती.

मी चोरून खाल्लं नाही. एक डाव बारशाच्या पंगतीत अर्धी जिलेबी खाल्ली, ते त्याइच्या समोर खाल्ली. मंग साखर काहून वाढते ते मलेही समजत नाही. माझ्या पोटात त्या निळ्या गोलाखाली सुपारीएवढी गाठ झाली. दाबलं तर कडक लागते, दुखत नाही. तिथं सुई टोचली का नाही टोचली, हेही आता समजत नाही. मी म्हटलं, चला, देवानं एवढं तरी सुख दिलं.

उद्यापासून मी टोचू देणार नाही. चोराले औषध कायले पाहिजे? डोळे गेले तर जाऊ द्या, मंग मले कोणी डब्याकडे पाहते म्हणणार नाही.

रागानं लिहिलं. मोठ्या आहात, पोटात घाला. पण खोटं एकही अक्षर नाही.

तुमची,
निर्मला

•

॥ श्री ॥
कारधा
दि. १६ डिसेंबर २०२४

ती. बाईस,
इश्वरचा शि. सा. न. वि. वि.

तीन दिवस निर्मलाने इन्सुलिन घेतले नाही. पेन घेऊन समोर गेलो की ती उठून गोठ्यात जाते. मी मागे गेलो तर गाईच्या पलीकडे उभी राहते. पन्नाशीला आलेला माणूस हातात पेन घेऊन गाईभोवती फिरतो आहे, असे चित्र डोळ्यासमोर आण आणि हवे तर हस. मला हसू येत नाही.

काल तिला घेरी आली, पाणी पाणी करत होती. साखर चारशेच्या वर गेली. शेवटी बायजाबाईने तिला समजावले. काय सांगितले ते मला माहीत नाही, मला बाहेर बसवले होते. मग तिने टोचून घेतले. पण आता फक्त जेवण वाढते, पाणी देते, विचारले तेवढ्याचे उत्तर देते.

आज मी गुळाचे विचारले. तिने गाईचे सांगितले, आणि म्हणाली की गोठा तर तुमाले रोज दिसत होता. तेव्हा मला आठवले की ओवा मीच बाजारातून आणून दिला होता.

तरीही कुलूप काढलेले नाही. का काढले नाही, हे मला विचारू नकोस. काढले तर माझी चूक झाली असे होते, आणि चूक माझी असेल तर साखर वाढते कशाने? हरिपाठ म्हणताना माझे ओठ हलतात आणि मन त्या डब्यावर असते. देवा, काही तरी एक खरे ठरू दे, एवढेच मागतो.

तुझ्या पत्राची वाट पाहतो. आशीर्वादात कंजुषी करू नकोस.

तुझा,
इश्वर

•

साकोली
दि. २१ डिसेंबर २०२४

चि. इश्वर व चि. सौ. निर्मला यांस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र दोघांनी वाचावं. पहिले निर्मलाले सांगते. बाई, चुकली मी. सासूचं वजन तुझ्या डोक्यावर ठेवलं. कुलपाची अक्कल माझी होती, ते मी वापस घेते. इश्वर, आजच्या आज कुलूप काढ.

आता ऐका. खुशबू आली होती. मी वचन मोडलं नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. भाजी निवडता निवडता सहज विचारलं की आमच्या इथल्या एका बाईले इन्सुलिन टोचून टोचून गाठ आली म्हणते, अन् तिचा घरवाला पंधरा दिवस एकच सुई वापरते. खुशबूच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. म्हणे, गाठीत औषध टोचलं तर ते रक्तात नीट जातच नाही. कधी जाते, कधी तिथंच राहते. म्हणून साखर अशी खालीवर होते. म्हणे, सुई दर वेळेस नवी पाहिजे अन् जागा दर वेळेस बदलली पाहिजे. गाठीले तर हातच लावायचा नाही.

मंग ते म्हणाली, आई, थांब, आणखी एक गोष्ट सांगायची आहे, पण पहिले सांग हे बाई कोण, किती युनिट घेते. मी घाबरली. नाव निघून जाईल म्हणून मेथीत किती माती आहे त्याचं बोलणं काढलं. तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा बहिरी झाली. खरी बहिरी असल्याचा एवढा तरी फायदा.

तर निर्मला खरं बोलत होती. जागा बदला, सुई बदला. देव करो अन् डोळे राहो.

दोघांले जवळ धरते,
बाई

•

॥ श्री ॥
कारधा
दि. २९ डिसेंबर २०२४

ती. बाईस,
इश्वरचा शि. सा. न. वि. वि.

निर्मला बरी आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचे वाचताना तू घाबरणार नाहीस.

तुझे पत्र मंगळवारी आले. मी ते तिला वाचून दाखवले. तिने डोळे पुसले. त्याच क्षणी कुलूप काढायला हवे होते. मी काय केले माहीत आहे? गुरुवारी एकादशी होती. म्हटले, नवी सुई, नवी जागा, उघडा डबा, सगळे एकादशीलाच सुरू करू. चांगल्या कामाला चांगला दिवस.

गुरुवारी सकाळी नवी सुई लावली. गोल काढला नाही. बेंबीच्या उजवीकडे, जिथे कधी टोचले नव्हते तिथे, नेहमीचे अठ्ठावीस युनिट टोचले. ती चटकन म्हणाली की आज दुखलं. बाई, मला आनंद झाला. वाटले, दीड वर्षाने औषधाला वाट मिळाली. ती रोजच्यासारखी एक पोळी खाऊन कामाला लागली. मी आंघोळ करून देवळात भजनाला गेलो. डबा परत आल्यावर उघडू, असा विचार केला होता. किल्ली करगोट्याला तशीच होती.

पुढचे मी पाहिलेले नाही, बायजाबाईने सांगितले ते लिहितो. ती ताकासाठी आली तेव्हा निर्मला डब्यासमोर बसली होती. अंग घामाने भिजलेले, हात थरथरत होते. कुलूप मुठीत धरून ओढत होती. हाक मारली तर बायजाबाईकडे पाहिले, पण ओळखल्यासारखे पाहिले नाही. बायजाबाई तशीच आपल्या घरी धावली, पदरात साखर घेऊन आली, लोट्यात कालवून घोट घोट पाजली. थोड्या वेळाने निर्मलाने तिचे नाव घेतले. आरोग्य उपकेंद्रातल्या बाईंनी येऊन मशीन लावले, तेव्हा एवढी साखर पिऊनही अठ्ठावन्न होती.

मला बोलावणे आले तेव्हा मी टाळ वाजवत होतो. धावत आलो. बायजाबाई दारातच उभी होती. म्हणाली की इश्वरभाऊ, तुम्ही देवाच्या दारी गेले अन् किल्ली कमरेले घेऊन गेले. एवढेच बोलली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर तरी दिले असते.

डॉक्टरांनी प्रथमच तिचे पोट दाबून पाहिले. आजवर सगळे कागदच पाहत होते, आणि मीही कागदच पुढे करत होतो. ते म्हणाले की अठ्ठावीस युनिट गाठीसाठी वाढत गेले होते, बाईसाठी नव्हे. चांगल्या जागी टोचताना आधी विचारायला हवे होते, तिथून औषध पूर्ण लागते. आता सोळा केले आहेत, रोज साखर तपासून कळवायचे आहे.

म्हणजे ती खरे बोलत होती, औषधही खरे होते. खोटा होता तो माझा निळा गोल. बाई, मी तो किती प्रेमाने काढत होतो. कोणत्या गोष्टीची क्षमा आधी मागावी हे मला समजत नाही. गोलाची, सुईची, वासाची, की किल्लीची? रोज एक ठरवतो आणि तिच्यासमोर गेलो की तिसरेच काही बोलतो. काल गाईच्या दुधाबद्दल बोललो.

खुशबूला सगळे सांग. लपवण्यासारखे आता काही उरले नाही. तुझा राग यावा, पण पत्र यावे.

तुझा,
इश्वर

•

नागपूर
दि. ६ जानेवारी २०२५

ती. मामांस,
खुशबूचा सा. न. वि. वि.

परवा मी येऊन सगळे करून दाखवले, तरी तुम्ही म्हणालात की लिहून पाठव, भिंतीला लावतो. म्हणून लिहिते. आईने तुमची पत्रे माझ्यासमोर ठेवली आणि खूप रडली. मेथीतली माती मी आयुष्यभर विसरणार नाही, असे मी तिला सांगितले आहे. तुम्हालाही सांगते, मामा. नर्सपासून लपवायचे आणि नर्सलाच आडून विचारायचे, यात मामी जाता जाता राहिली.

सुई दर वेळी नवी. तुम्ही मला विचारलेत की स्पिरिटने पुसली तर काय बिघडते. मामा, तुम्ही बनियान दर एकादशीला बदलता का? त्या सुईचे टोक एकदा टोचले की बोथट होते, वाकते, आणि पुसल्याने तिच्यावरचा गुळगुळीतपणा जातो. मग ती कातडी फाडत जाते. जंतू येतात ते वेगळेच. सुई पेनाला लावून ठेवली तर आत हवा शिरते आणि औषध बाहेर झिरपते, मग तुम्ही आकडा बरोबर लावला तरी पोटात कमी जाते. म्हणून टोचण्याच्या आधी लावायची आणि टोचून झाले की लगेच काढायची.

आधी साबणाने हात धुवायचे. नवी सुई लावली की दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का ते पाहायचे. सरळ टोचायचे, बटण दाबून मनात सावकाश दहा म्हणायचे, मग सुई बाहेर काढायची. टोचलेली जागा चोळायची नाही. जागेचे तुम्हाला सोपे करून सांगते. एक आठवडा बेंबीच्या डावीकडे, एक आठवडा उजवीकडे, आणि रोज कालच्या जागेपासून बोटभर सरकायचे. धान रोवताना एकाच ठिकाणी दोन रोपे लावत नाही, तसेच समजा. गाठीला काही महिने सुट्टी. ती हळूहळू बसेल. अधूनमधून बोटांनी चाचपून पाहा, नवी होत नाही ना.

मामीचे पेन मामीचेच. शेजारी कोणाला साखर आहे आणि त्याचे औषध संपले, तरी नवी सुई लावूनसुद्धा तिचे पेन द्यायचे नाही. तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

घाम, थरथर, भ्रम असे काही झाले तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचे नाही, गाडी बोलवायची. आणि साखर हाताच्या अंतरावर हवी.

शेवटचे वैनगंगेचे. तुम्ही हात जोडून सुई सोडत होता हे ऐकून मला हसावे की रडावे कळेना. मामा, नदी सुई पचवत नाही. पुलाखाली मासे धरणारे ढिवर अनवाणी उतरून जाळी लावतात, बायका कपडे धुतात. तुम्ही वाट सोडून पाण्यात काटे पेरले. वापरलेली सुई तिच्या मोठ्या टोपणातच फिरवून काढायची आणि झाकणाच्या जाड प्लॅस्टिक बाटलीत टाकायची. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून उपकेंद्रात द्यायची, मी तिथल्या बाईंशी बोलून ठेवले आहे. कचऱ्यात नाही, उकिरड्यात नाही, देवालाही नाही.

रागावले आहे, पण तुमच्यावर माझा जीव आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. मामीला माझी आठवण सांगा.

तुमची,
खुशबू

•

कारधा
दि. २२ जानेवारी २०२५

ती. सौ. बाईंस,
निर्मलाचा सा. न. वि. वि.

साखर खाली येऊन राहिली. डॉक्टरनं डोळ्याची तारीख दिली, लेझर करणार आहे. म्हणे, आता करता येते.

मी आता स्वतः टोचते. खुशबूनं माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं. पहिल्या दिवशी तुमचा भाऊ बाजूले बसून मोठ्यानं दहा मोजत होता, तर घाईघाईत सहावरून आठवर गेला. मी म्हटलं, पुन्हा मोजा. आता मीच मोजते. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा भिंत सोडून मी आपल्या पोटाकडे पाहिलं. निळा डाग अजून थोडा आहे. घासत नाही. जाईल तेव्हा जाईल.

त्याइनं माफी मागितली का म्हणून तुम्ही विचारलं. रोज काही तरी बोलायले येते अन् गाईचं दूध, छताचे कवेलू असं बोलून जाते. मी थांबवत नाही. माणूस वाट शोधून राहिला, तर शोधू द्यावं.

गूळ-साखर आता उघड्या बरणीत, चुलीजवळ. बाबाचा डबा रिकामा झाला तर तुमचा भाऊ म्हणे, तो माळ्यावर टाकतो, डोळ्यासमोर नको. मी म्हटलं, नाही टाकायचा. सुयांची बाटली त्यात ठेवली. कुलूपही लावलं. कुलूप लावायची चीज घरात तीच आहे. किल्ली माझ्या गळ्यातल्या काळ्या पोतीत, छातीशी.

बायजाबाईले रोज गोड चहा पाजते. ते म्हणे, आता मले साखरेची बिमारी करशील.

तुमच्यावर राग नाही. येऊन पाहून जा,
तुमची,
निर्मला

•

॥ श्री ॥
कारधा
दि. १० फेब्रुवारी २०२५

ती. बाईस,
इश्वरचा शि. सा. न. वि. वि.

निर्मलाच्या एका डोळ्याचे काम झाले. डॉक्टर म्हणाले की नजर टिकेल. दुसऱ्याचे पुढच्या महिन्यात.

मी एकादशीला अजूनही पुलावर जातो. सवय आहे. हातात काही नसते. परवा उभा राहिलो तर खाली एक ढिवर कमरेएवढ्या पाण्यात जाळे ओढत होता. तो वर येईपर्यंत मी त्याच्या पायांकडे पाहत राहिलो. दीड वर्षात तीस-पस्तीस सुया मी भक्तीने सोडल्या. तो वर आला, पाय धुतले, बिडी पेटवली. त्याला काही झाले नव्हते. मी हात जोडले, ते नदीला की त्याला, माझे मलाच समजले नाही.

चांगल्या मनाने केलेले काम चांगलेच असते, असे मी इतकी वर्षे धरून चाललो. आता रोज सकाळी काही करायला घेतले की हात थांबतो. हे मला कोणी सांगितले? पुरते सांगितले का? मी पुरते विचारले का? देवासमोरही आता मागण्यापेक्षा विचारणेच जास्त होते.

परवा बाटली पाऊण भरली. उपकेंद्रात द्यायची म्हणून डबा उघडायला गेलो तर कुलूप. किल्ली निर्मलाकडे. ती चुलीपाशी भात उतरवत होती. मी किल्ली मागितली. तिने वर न पाहता विचारले की काहून पाहिजे.

बाई, याच शब्दांत मी तिला विचारले होते, बायजाबाईसमोर. मी उभा राहिलो. इतक्या दिवसांत जे गाईच्या दुधाआड लपत होते ते तेव्हा तोंडातून निघाले. मी म्हणालो की बाटली द्यायची आहे, आणि त्या दिवशी मी तुला असे विचारायला नको होते. वासाबद्दल विचारायला हवे होते, ते विचारले नाही. तू खरी होतीस.

तिने भात झाकला. हात पुसले. मग माझ्याकडे पाहिले, मी डॉक्टरांसमोर तिच्याकडे पाहिले होते तसेच, अगदी तेवढाच वेळ. गळ्यातून किल्ली काढली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली की संध्याकाळच्या आत वापस पाहिजे.

मी बाटली दिली आणि दुपारीच किल्ली परत केली. किल्ली देताना ती हसली होती का, हे मला अजून नक्की कळलेले नाही. पुढची बाटली भरली की पुन्हा मागेन, तेव्हा नीट पाहीन.

आम्हा दोघांवर तुझी सावली राहू दे. तिच्यावर थोडी अधिक.

तुझा,
इश्वर